थिबा राजाची नव्हे, भाट्याच्या तरीवरची फोर्ड

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या फोटोंच्या पानावर आपण एका मोटारीचा फोटो छापलात. खाली ओळ होती : 'थिबा राजाची मोटार, सुमारे १९१२. सायंकाळच्या फेरीस निघण्यापूर्वी. शेजारी पालखीचे दांडे.' एवढ्याशा मजकुरात तीन चुका आहेत. मोटार थिबाची, म्हणजे इंग्रजांनी रत्नागिरीत आणून ठेवलेल्या ब्रह्मदेशच्या राजाची, नाही, साल १९१२ नाही आणि ते दांडे पालखीचे तर मुळीच नाहीत. एसटीच्या वर्कशॉपात चौतीस वर्षं काढून मी हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त झालो. गाडीबद्दल कोणी चुकीचं बोललं की मला जेवण जात नाही, म्हणून हे पत्र. लांबलं तर माफी असावी.

पण आधी माझी स्वतःची चूक कबूल करतो. पुरवणी हातात आली तेव्हा मी मारुती मंदिराजवळच्या टपरीवर होतो. बाहेर पाऊस कोसळत होता, त्यामुळे उठायची घाई कोणालाच नव्हती. शेजारी आमचे मास्तर, म्हणजे हायस्कुलात चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. फोटो बघताच मी छातीठोक सांगितलं, "ही शेवरलेट. अठ्ठावीस सालची." मास्तर म्हणाले, "बघा हं." मी म्हटलं, "दोन डझन हापूस लावतो." श्रावणात आंब्याची पैज लावायला काही लागत नाही, द्यायचे एप्रिलात.

शेवरलेट म्हणायला मला कारण होतं. माझे वडील लहान वयात सर्व्हिस मोटारीवर क्लीनर होते. एसटी १९४८ साली सुरू झाली. त्याआधी आपल्याकडे लोक ज्या खासगी मोटारींनी जायचे, त्यांना सगळे सर्व्हिस मोटार म्हणत. वडिलांच्या बोलण्यात सारखी शेवरलेट यायची. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला गाड्या जोडायचा कारखाना काढला. त्यामुळे ती गाडी इकडे पुष्कळ दिसायची, तिचे भागही मिळायचे. तेव्हा कापडी टपाची, तारेच्या चाकांची, उभ्या नाकाची गाडी दिसली आणि माझ्या तोंडून शेवरलेट निघालं. बघण्याआधीच ओळखलं, असं मास्तर म्हणतात. त्यांचं बरोबर आहे.

वर्तमानपत्रातल्या छपाईवर भिंग धरून उपयोग नसतो. नुसते ठिपके मोठे दिसतात. म्हणून मी आपल्या कार्यालयात फोन केला. तिथल्या उपसंपादक बाईंनी मूळ फोटो मोबाइलवर पाठवला, त्याबद्दल त्यांचे मनापासून आभार. तो उघडल्यावर पहिली गोष्ट कळली ती ही, की आपण फोटोची डावी बाजू कापून छापली आहे. जवळजवळ तिसरा हिस्सा गेला. पानावर जागा नसेल, समजू शकतो. पण त्या कापलेल्या भागात काय होतं ते पुढे सांगतो, मग आपणच ठरवा.

मोठा फोटो बघताना मास्तरांनी बोट ठेवलं. "अहो मेकॅनिक, काचेच्या पुढे मधोमध हे बटणासारखं काय आहे?" खरंच होतं. बॉनेट संपतं आणि पुढची काच सुरू होते, त्या मधल्या पत्र्यावर एक गोल टोपण. रेडिएटरचं झाकण पुढे नाकावर असतं, ते वेगळंच दिसत होतं. मग हे कसलं? मला सांगता येईना. चौतीस वर्षांची नोकरी आणि एका टोपणापुढे मी गप्प.

कोल्हापुरात माझ्या ओळखीचे एक म्हातारे मिस्त्री आहेत, जुन्या गाड्या उभ्या करून देतात. त्यांना फोन लावला. टोपणाचं सांगितलं. ते म्हणाले, "ते राहू दे. पुढचा पाटा आडवा हाय का उभा?" मी फोटो बघितला. "आडवा." "मग फोर्ड. ठेव फोन." आणि त्यांनी ठेवलासुद्धा.

इथे मला खरी लाज वाटली. ज्यांना गाडीतलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बहुतेक गाड्यांना पुढे दोन बाजूंना दोन कमानपाटे, म्हणजे गाडीचं वजन झेलणाऱ्या स्प्रिंगा असतात, गाडीच्या लांबीच्या दिशेने. त्या काळातल्या गाडीकडे समोरून पाहिलं तर या पाट्यांची टोकं बैलाच्या शिंगांसारखी पुढे आलेली दिसतात. शेवरलेटला ती होती. फोर्डने मात्र टी मॉडेलपासून पुढच्या ॲक्सलवर एकच पाटा आडवा टाकला, धनुष्य पालथं घातल्यासारखा. त्यामुळे फोर्डच्या पुढ्यात शिंगं नाहीत. फोटोत रेडिएटरखाली ती आडवी कमान स्वच्छ दिसते. अर्धं आयुष्य पाट्यांखाली पाठीवर झोपून काढलं, आणि नेमका पाटाच बघितला नाही.

फोर्ड ठरली. आता कुठली? टी मॉडेल निघालं १९०८ साली आणि १९२७ पर्यंत चाललं, दीड कोटी गाड्या निघाल्या. १९१२ हे साल त्यातच बसतं, म्हणून आपल्या ओळीला एक शेवटची संधी होती. पण फोटोतल्या पुढच्या चाकाच्या तारांमागे ब्रेकचा ड्रम दिसतो. टी मॉडेलला पुढच्या चाकांना ब्रेक नव्हतेच. चारही चाकांना ब्रेक फोर्डने दिले ते १९२७च्या डिसेंबरात आलेल्या ए मॉडेलपासून. शिवाय १९१२च्या मोटारी आठवा. पितळी रेडिएटर आणि कार्बाइडवर जळणारे दिवे. पुढचे दिवे पेटवायला ड्रायव्हर काडेपेटी घेऊन खाली उतरायचा. या फोटोतले दिवे विजेचे आहेत, वाटीसारखे, चकचकीत, एका आडव्या दांडीवर बसवलेले.

आणि मास्तरांचं ते बटण! ते पेट्रोलच्या टाकीचं झाकण निघालं. ए मॉडेलची टाकी मागे नसते आणि सीटखालीही नसते. ती असते बॉनेट आणि काच यांच्या मधल्या पत्र्यातच, म्हणजे पुढे बसणाऱ्याच्या गुडघ्यांवर. पंप नाही, पेट्रोल आपल्या वजनाने खाली कार्ब्युरेटरला उतरतं. पेट्रोल किती उरलं ते दाखवणारा काटा थेट टाकीतच बसवलेला, ड्रायव्हरसमोर. आज अशी गाडी कोणी बनवली तर पास करायला आरटीओ हातात फाइलसुद्धा घेणार नाही. पण सोय मोठी होती. आधीच्या टी मॉडेलला बरीच वर्षं टाकी सीटखाली होती. पेट्रोल कमी असताना मोठा चढ आला की ते इंजिनापर्यंत पोचायचं नाही. मग लोक गाडी उलटी फिरवून रिव्हर्समध्ये चढ चढायचे. आंबा घाटाची वळणं कोणी तशी उलट्या गाडीने काढली असतील, तर त्या माणसाला माझा दंडवत.

थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ साली रत्नागिरीला आणलं. राजवाडा बांधून तो तिथे राहायला गेला १९१०च्या सुमारास, आणि १९१६च्या डिसेंबरात इथेच वारला. १९१९ साली त्याचं कुटुंब ब्रह्मदेशात परत गेलं. म्हणजे ही मोटार जन्माला आली तेव्हा राजाला जाऊन अकरा वर्षं झाली होती. राजाची दुसरी कुठली मोटार असेल तर त्यावर जाणकारांनी लिहावं. ही ती नाही, एवढंच माझं म्हणणं.

आता साल. गाडी कधीची आणि फोटो कधीचा, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि लोक ते नेहमी एक करतात. गाडीचं पुढचं चाक २१ इंची आहे, टायर बारीक. तेवढं मोठं चाक ए मॉडेलला १९२८ आणि १९२९ याच दोन वर्षांत होतं. १९३० पासून १९ इंची आलं, टायर जाड. पण मागचं चाक बघा. रिम लहान, टायर फुगीर. म्हणजे गाडी पहिल्या दोन वर्षांतली आणि मागची चाकं नंतरच्या गाडीची. बोल्टाची भोकं तीच असल्याने ती बसतात. दोन्ही मागची बदलली असणार, कारण एक मोठं एक लहान ठेवलं तर डिफरन्शिअल, म्हणजे मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणारे गिअर, बोंबलतो. फोटोत मला एकच बाजू दिसते, पण ज्याने कोणी ते काम केलं तो एवढा अडाणी नसावा. थोडक्यात, ही गाडी फोटोच्या वेळी बरीच वापरून झालेली होती. डाव्या मडगार्डाला पोचा आहे, टपाच्या कापडाला ठिगळ आहे. राजाच्या गाडीला ठिगळ कोण लावील?

नंबराच्या पाटीचा अर्धा भाग एका पोराच्या पायाआड गेला आहे. पण पहिली तीन इंग्रजी अक्षरं वाचता येतात, त्यातलं पहिलं बी. तीन अक्षरं आणि पुढे आकडे ही पद्धत १९३९च्या मोटार वाहन कायद्याने आली. तेव्हा फोटो त्यानंतरचा. युद्धाच्या दिवसांतला की नंतरचा, ते ज्यांच्याकडे मूळ प्रत आहे त्यांनी पाठीमागे बघून सांगावं. मागे काही लिहिलेलं असेल. फोटो अल्बमात चिकटवलेला असेल तर ओढून काढू नये, कागद फाटतो आणि अक्षरं अल्बमातच राहतात. माझ्या लग्नाच्या एका फोटोची अशीच माती झाली.

(जाता जाता. त्याच पोराच्या मागे गाडीचं जादा चाक बांधलेलं दिसतं. आपण सगळे त्याला स्टेपनी म्हणतो. हे नाव वेल्समधल्या एका गावातल्या स्टेपनी नावाच्या रस्त्यावरून आलं. तिथे दोघा भावांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोटारीबरोबर न्यायचं जादा चाक काढलं. तिकडचे लोक तो शब्द केव्हाच विसरले. आपल्याकडे रिक्षावालाही म्हणतो, स्टेपनी पंक्चर आहे.)

आता पालखीचे दांडे. मला पत्र लिहायला बसवलं ते या दांड्यांनी.

गाडीच्या बाजूला जमिनीवर चार लांब जाड फळ्या पडल्या आहेत. दांडे नव्हेत, फळ्या. फोटोत डाव्या कडेला, म्हणजे आपण जो भाग कापलात त्यात, पाणी आहे. पाण्यात दोन होड्या एकमेकींना बांधलेल्या आहेत. त्यांच्यावर आडव्या फळ्यांचा माच. त्यापुढे गुडघाभर पाण्यात लंगोट्या लावलेली दोन माणसं, एकाच्या हातात दोर, दोर ताणलेला. ही सांगड आहे. गाडी नुकतीच तिच्यावरून उतरली आहे आणि त्या फळ्या उतरणीच्या आहेत.

पूल होण्यापूर्वी रत्नागिरीजवळची भाट्याची खाडी अशीच ओलांडायची. मी लहानपणी होडीतून पलीकडे गेलो आहे, पण सांगडीवर चढलेली मोटार मी पाहिली नाही. ती वडिलांनी सांगितली, आणि सांगायची त्यांची पद्धत अशी होती की मी ती पाहिली असंच मला वाटतं. आधी सगळ्यांना खाली उतरवायचं. सामान उतरवायचं. गाडीत फक्त ड्रायव्हर. भरतीची वाट बघायची, पण पूर्ण भरती नको. होडीची कड आणि धक्क्याचा उतार एका पातळीला आले पाहिजेत, नाहीतर फळ्या उभ्या होतात. चाकांच्या अंतरावर फळ्या टाकायच्या. क्लीनर पुढे उभा, तोंड गाडीकडे, दोन्ही हातांनी खुणा करत उलटा चालणारा. तेच काम वडिलांचं.

खरी गोम पहिल्या चाकाला. गाडीचं वजन होडीवर आलं की होडी दबते आणि मागे सरकते. वडील म्हणायचे, "होडी रुसते. तिला धरून ठेवावी लागते." म्हणून ते दोन दोरवाले. त्यांनी त्या क्षणी दोर सैल सोडला तर फळी निसटते, आणि मोटार पुढची दोन चाकं पाण्यात व मागची दोन धक्क्यावर अशी बसते. मग ओहोटी लागेपर्यंत तिथेच. माचावर गाडी आली की चारही चाकांना दगड लावायचे आणि ड्रायव्हरने हँडब्रेक ओढून खाली यायचं. गाडीत बसून खाडी ओलांडायची नाही. का, म्हणून मी एकदा विचारलं. वडील म्हणाले, "मोटार बुडाली तर मालकाची. आपण कशाला?"

फोटोत मागच्या चाकामागे जांभ्याचा एक चौकोनी चिरा दिसतो. कोणीतरी तो अजून तसाच ठेवला आहे, गाडी जमिनीवर आली तरी. क्लीनरचा हात. पाटी झाकणारा पोर तोच असणार. बाराएक वर्षांचा, अंगात मोठ्या माणसाचा शर्ट, हातात इंजिन सुरू करायचं हँडल. ए मॉडेलला बटणावर चालू होणारा स्टार्टर होता. पण बॅटरी म्हातारी झाली की हँडल आलंच. हा पोर माझे वडील नव्हेत, हे आधीच सांगतो. वडिलांचे कान वेगळे होते आणि ते रत्नागिरीत आले तेव्हा चांगले सोळा वर्षांचे होते. मी तेही बघितलं, न बघून कसं चालेल.

जागेबद्दल शंका नको. मागे धूसर टेकडी आहे आणि तिच्या टोकाशी एक बारीक उभी रेघ. ती रत्नदुर्गाची टेकडी आणि ती रेघ म्हणजे दीपस्तंभ. भाट्याच्या बाजूने खाडीच्या तोंडाशी उभं राहून वायव्येला पाहिलं की आजही तसंच दिसतं. मी परवा पाऊस थांबल्यावर फोन हातात घेऊन जाऊन आलो. थिबाचा राजवाडा त्या जागेवरून उजव्या हाताला, खाडीपलीकडच्या उंचीवर. फोटोच्या चौकटीबाहेर. माझा अंदाज असा, की फोटो पाठवणाऱ्यांच्या घरात कोणीतरी पूर्वी म्हणत असेल, 'थिबाच्या राजवाड्यासमोर काढलेला मोटारीचा फोटो.' दोन पिढ्यांत त्यातलं 'वाड्यासमोर' गळलं. फोटो पाठवणाऱ्या कुटुंबाला मी दोष देत नाही. उलट त्यांनी तो जपला म्हणून आपण सगळे बोलतो आहोत. आमच्या घरी तर वडिलांचा मोटारीबरोबर एकही फोटो नाही.

तेव्हा विनंती अशी. येत्या रविवारी हाच फोटो पुन्हा छापावा आणि डाव्या बाजूसह छापावा. खाली लिहावं : 'फोर्ड ए मॉडेल, १९२८-२९ची बांधणी, भाट्याच्या खाडीवर सांगडीवरून उतरल्यावर. फोटो १९३९ नंतरचा.' दोरवाल्या दोघांचा उल्लेख करावा. त्यांची नावं आता मिळायची नाहीत, पण भाट्ये, मांडवी, राजिवडा इथल्या जुन्या घरांत कोणाला त्यांचे चेहरे ओळखू आले तर बघावं. मूळ फोटोत चेहरे चांगले स्पष्ट आहेत. डावीकडच्या माणसाच्या दंडाला ताईत आहे. जागा कमी पडली तर माझं हे पत्र कापा, माझी हरकत नाही.

आणि फोटोची मूळ प्रत ज्यांच्याकडे आहे त्यांनी घरातली जुनी कागदपत्रं एकदा चाळावीत. गाडीची कर भरल्याची पावती, विम्याचा कागद, पेट्रोलची कुपनं, काहीही. पाटीवरचे राहिलेले आकडे मिळाले तर मालकाचं नाव लागेल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक वाचक
(निवृत्त हेड मेकॅनिक, एसटी)
भाट्ये, जि. रत्नागिरी

ता. क. : पत्र टाकण्याआधी मास्तरांना वाचायला दिलं. टोपण त्यांनी शोधलं हे मी प्रामाणिकपणे लिहिलं म्हणून ते खूश झाले, मग म्हणाले, सावल्या बघितल्यात का? गाडीची, पोराची, फळ्यांची, सगळ्यांची सावली डावीकडे पडली आहे. त्या जागी डावीकडे समुद्र, म्हणजे पश्चिम. सूर्य पूर्वेला आहे, वेळ सकाळची. तेव्हा 'सायंकाळच्या फेरीस' हेही कृपया काढावे. मास्तर आता हापूस तीन डझन मागत आहेत.